काठावरच्या लाटा

मी शनीची जुनी लाकडी प्रतिकृती आहे, आणि सध्या संतापलेली आहे. मित्रांनो, आत्मवृत्तात गोड बोलायचे असते म्हणतात. ते दुसऱ्या कोणाकडून ऐका.

ॲरिझोनातल्या टूसॉन गावच्या विज्ञान संग्रहालयात मी उभी आहे. शनीच्या कड्यांच्या अभ्यासात हयात घालवलेल्या रोझाल्बा एन्सिनासबाईंनी मला घडवले. त्यांनी पातळ फळीची कडी कापली, त्यांवर काचेचा चुरा चिकटवला आणि मधल्या अरुंद फटीत मोहरीएवढा मणी तारेवर बसवला. तो शनीचा एक चिमुकला चंद्र. जीव केवढा, पण त्याच्या ओढीने फटीच्या काठांवरचे बर्फाचे कण ढवळून निघतात आणि काठांवर लाटा उठतात. आतल्या काठाचे कण चंद्राहून वेगाने पळतात, म्हणून तिथल्या लाटा त्याच्या पुढे. बाहेरचे रेंगाळतात, म्हणून तिथल्या मागे. बाईंनी कानशीने घासून एकेक लाट काढली होती.

पाहुणे आले की बाई मणी काढून मुठीत लपवायच्या आणि त्यांना डोळे मिटायला सांगायच्या. बोटाने काठ चाचपा, लाटा कुठून सुरू होतात ते शोधा आणि चंद्र कुठे होता ते दाखवा, असा खेळ. ट्रक हाकणारे, आज्या, शाळेची पोरे, बहुतेकांना जागा सापडायची. तेव्हा मला कोण मान होता.

मग प्रेस्कॉट हेल नावाचे नवे संचालक आले. देणगीदारांना मेजवानी द्यायची होती, आणि माझे काठ त्यांना उंदरांनी कुरतडल्यासारखे वाटले. कोणाला विचारायची तसदी कशाला? त्यांनी लाटांमध्ये लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरून घेतली, वर सोनेरी रंग फासला. मणी केराबरोबर गेला. मला ओरडता येत नाही, नाहीतर छप्पर उडाले असते.

मेजवानीला रोझाल्बाबाई बहिणीचा, ग्रासिएलाचा हात धरून आल्या. त्यांची दृष्टी आता पूर्ण गेली आहे. बहिणीला चंद्र दाखवायचा म्हणून त्यांनी माझ्या काठावर बोट ठेवले. बोट पूर्ण फेरी मारून आले. पुन्हा एक फेरी झाली. त्यांचा चेहरा उतरला.

"प्रेस्कॉट, लाटा कुठं गेल्या?"

"साफ करून घेतलं, बाई. कसं गुळगुळीत झालंय बघा तरी."

"मला दिसत नाही रे. बोटांनाच काय ते कळायचं. आणि चंद्र?"

"मोहरीएवढा तर होता. त्यानं काय बिघडतंय?"

"मोहरीएवढ्यानंच बिघडतं. जन्मभर तेच तर शिकवलं मी."

बाईंनी पर्समधून घराची किल्ली काढली आणि त्या आतल्या काठावरची लांबी उकरायला लागल्या. सोनेरी पापुद्रे देणगीदारांच्या बुटांवर पडले. एक लाट मोकळी झाली, तेवढ्यात रखवालदाराने त्यांना दंडाला धरून बाहेर नेले. ग्रासिएला जाताना म्हणाली, "अजून दोन काढायच्या होत्यास."

मित्रांनो, माझ्याकडे आता ती एकच लाट उरली आहे. सोमवारी तीही बुजवणार आहेत. जुन्या वस्तू जपा वगैरे मी सांगणार नाही. तुम्ही सोमवारच्या आत या. डोळे मिटून काठावर बोट फिरवा. लाट लागली की संचालकांच्या दारात उभे राहा आणि चंद्र कुठे आहे ते विचारा.