हौदातलं हिरवं

"सुषमा, हा हौद हाये का म्हशीचं डबकं?" मंगलाबाईनं खराटा आपटला तो थेट माझ्या पायाशी.

श्रावणातली सकाळ. मी नुकतीच महादेवाला बेल वाहून आले होते. सुरतेकडच्या कडोदऱ्याजवळ या वाडीत राखणीला आमचं आणि मंगलाबाईचं अशी दोनच बिऱ्हाडं. पिण्याचं पाणी बोरचं. धुण्याभांड्याला हा सामाईक हौद. त्याच्या कडांना शेवाळ धरलेलं आणि पाणी पोपटाच्या पंखासारखं.

"चातुर्मास सरू द्या," मी म्हटलं. "मग मी एकटी घासते."

"आता घासलं त तुहा देव रुसते का?"

रुसत नसेल. पण माझा नेम होता. पूर्वी मी सुरतेत एका जैन शेठाणीकडे साड्यांच्या घड्या घालायला जायची. पावसाळ्यात अंगणात लील, म्हणजे शेवाळ, धरली की ती बाई वळसा घालून जायची. म्हणायची, एवढ्याशा ठिपक्यात मोजता येणार नाहीत इतके जीव आहेत. ते मनात बसलं. तेव्हापासून चातुर्मासात मी कांदा खात नाही, वांगं खात नाही आणि शेवाळ खरवडत नाही.

खरा घोर मात्र वांग्यांचाच होता. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा आमच्यात चुकत नाही, आणि भरीत गावाकडच्या हिरव्या वांग्याचंच. ह्यांनी गावाहून बी आणून हौदामागं रोपं लावली. पण तिथं बांधकामाचा मलबा पडलेला. रोपं पिवळी पडून माना टाकून उभी.

"यंदा देवाले बाजारचं जांभळं वांगं दाखवू," हे म्हणाले, तेव्हा मी ताटावरून उठून रोपांना पाणी घालून आले.

आणि वर ही मंगलाबाई, हातात ब्लीचिंगची पिशवी घेऊन.

"पावडर नका टाकू, पाया पडते," मी हौदाला पाठ लावून उभी राहिले.

"घासू नको, टाकू नको! मंग उपसू त देशील?"

उपसण्याबद्दल माझा नेम काही बोलत नव्हता. मी हौदापासून बाजूला झाले.

"पाप लागलं त मले लागू दे!" तिनं पदर खोचला आणि बादलीमागून बादली ते हिरवं पाणी रागारागानं माझ्या वांग्यांवर ओतलं. "घे! तुहं पुण्य तुह्या वांग्याले!"

मी डोळे मिटून महादेवाचं नाव घेत राहिले.

कडेचं शेवाळ तसंच राहिलेलं, त्यामुळे पोळ्याच्या सुमाराला हौद पुन्हा हिरवा. बाईनं पुन्हा बादली उचलली. गणपती बसले तेव्हा रोपांनी माना उचलल्या. नवरात्रात पानं तळव्याएवढी, हिरवीकंच.

माझी जयश्री मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. ती वांगी बघून हसायला लागली. "आई, शेवाळाच्या गोळ्या विकतो आम्ही. हौदातल्या नाही हं, ते वेगळं, निगुतीनं वाढवतात. खत म्हणून भाताच्या खाचरात सोडतात, समुद्रातल्याचा अर्क पिकावर फवारतात, आइस्क्रीममध्ये टाकतात. त्याच्या तेलावर गाड्या चालवायची खटपट चालू आहे."

"मंग माह्या स्कूटरीत वत एक बादली," हे म्हणाले.

"लोकं खातात?" मंगलाबाईनं नाक मुरडलं. "शी वं माय!" पण नजर वांग्यांवरून हलेना.

देवउठी एकादशी झाली. नेम सुटला. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, बोलल्याप्रमाणे मी खराटा घेऊन हौदाशी गेले. तोच मंगलाबाईनं मागून मनगट धरलं.

"खबरदार! हात लावशील त!"

"अहो मंगलाबाई, तुम्हीच तर..."

"माही मेथी उगवली काल. तिले काय पाजू, तुह्या आंघोळीचं पाणी?"

चंपाषष्ठीला तुरीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली, त्या वासानं वाडी भरून गेली. नैवेद्य दाखवून मी उठते, तर मंगलाबाई टोपली घेऊन दारात.

"अर्धी वांगी माही."

"ती कशी?"

"वा वं! पाप कोणी घेतलं होतं?"

मी मोठी मोठी निवडून तिच्या टोपलीत घातली.