नाव भिंतीकडे, मशीन रस्त्याकडे

मी दिग्रसच्या एका कॉलनीतल्या घराची पाटी बोलतेय. हसू नका. पाटीलाही तोंड असतं, आणि मला तर दोन आहेत.

मी जातिवंत सागवानी. घराच्या चौकटी करून उरलेल्या फळीतून नागोराव सुताराने मला घडवलं. माझ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं गेलं, 'नरहर गो. पाठक, निवृत्त अव्वल कारकून'. दर दसऱ्याला नरहरराव मला स्वतः तेल लावायचे आणि झेंडूची माळ घालायचे. मला केवढा तोरा चढायचा म्हणून सांगू!

नरहरराव कॉलनीचे सचिव. समोरच्या बाबारावांनी घरच्या पिठाच्या गिरणीसाठी दाराएवढा, लुकलुकत्या दिव्यांचा बोर्ड लावला, तेव्हा यांनी नियमच केले. एका घराला एकच पाटी. दोन फूट बाय एक फूट, भिंतीला चिकटून. दिवा नाही, चित्र नाही. बाबारावांचा बोर्ड उतरला. मी मनात म्हटलं, बरी जिरली!

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला असलेला यांचा मुलगा सलील घरी बसला. सूनबाई केतकीने मागच्या खोलीत शिलाई मशीन टाकली. तिच्या हातात कसब होतं, पण गिऱ्हाइकाला कळणार कसं? कॉलनीतली सगळी घरं सारखी. तिने 'येथे ब्लाउज शिवून मिळतील' असा पुठ्ठा माझ्याशेजारी टांगला.

"केतकी, एका घराला एकच पाटी," म्हणत नरहररावांनी तो काढला. मी खूश.

चार दिवसांनी तांड्यावरच्या बिजलीबाई घामाघूम होऊन फाटकाशी आल्या. काखेत पोरीच्या लग्नाचं कापड.

"किती वेळची फिरून राह्यली ना मी! शिवणारी बाई इथंच राह्यते का?"

"इथंच. या ना आत," केतकी म्हणाली.

"माह्यासंगच्या तिघी तर वापस गेल्या बजारात. तिथं मशीन दिसते तरी. आमाले वाचता येत नाही बाई, घर वळखावं कसं?"

केतकीने कापड घेतलं, पण तिचे डोळे भरून आले. नरहररावांनी ते पाहिलं. मीही पाहिलं आणि पहिल्यांदाच मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाली उतरवलं आणि पालथं घातलं. माझ्या कोऱ्या पाठीवर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'केतकी शिवणकाम'. खाली एक छोटीशी शिलाई मशीन काढली. तिचं चाक जरा वाकडंच झालं. मग नाव भिंतीकडे करून मला परत टांगलं.

"बाबा, अहो, तुमचं नाव?" केतकी धावत आली.

"पोस्टमनला पाठ आहे."

बाबाराव रस्त्यातच थांबले. "काय साहेब, चित्र चालते का आता?"

"नाही चालत. मी मलाच नोटीस देऊन राह्यलो."

आणि खरोखर दिली! पोच घेतली, फाइलला लावली. पुढच्याच सभेत चित्राचा नियम रद्द झाला. बाबारावांनी लगेच आपल्या पाटीवर दळायचं जातं रंगवून घेतलं.

आता बिजलीबाई तांड्यावरच्या बायांना घेऊन येतात, वाकड्या चाकावर बोट ठेवतात. "हे पाहा, हेच घर." आत मशीन खडखडत असते आणि सलील काजं-बटणं करत असतो.

दसऱ्याची माळ मला अजून मिळते. तुम्ही कधी आलात, तर मला उलटून पाहू नका. पलीकडे नरहररावांचं नाव आहे. पावसापाण्यात मी ते पोटाशी धरून कोरडं ठेवते.