पाटीखाली उभा असलेला माणूस

मित्रांनो, मी एक जुनी भिंगाची काच आहे. पितळेचं कडं, लाकडी मूठ आणि खालच्या अंगाला उडालेला एक टवका, असं माझं रूप. मुंगी म्हशीएवढी करून दाखवते अशी बढाई मी मारणार नाही. पण फोटोतला हरभऱ्याएवढा चेहरा मी लिंबाएवढा करते, आणि तेवढ्याच कामात माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतो तो पांढुर्ण्याचा कापूस. पुंडलिकराव नावाचे एक पारखी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये बसायचे. चिमूटभर कापूस ओढायचे, त्याचा धागा ताणायचे आणि माझ्याखाली धरायचे. बाहेर बैलगाड्यांची रांग उभी असायची आणि शेतकऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा. पुंडलिकरावांनी काचेतून पाहिलं म्हणजे भाव ठरला, असं लोक म्हणायचे. काय मान होता तेव्हा मला! पुढे त्यांची नजर गेली आणि मी टेबलाच्या खणात जाऊन पडले. संत्र्याच्या पेट्या ठोकायच्या खिळ्यांची सोबत मिळाली, त्यांनीच माझा टवका उडवला. कित्येक वर्षं कुणी माझी आठवण काढली नाही. वाईट वाटायचं. का नाही वाटणार?

मला बाहेर काढलं ते पुंडलिकरावांच्या सुनेनं. सरलाबाई सौंसरच्या शाळेत शिकवायच्या. साल होतं त्र्याऐंशी. सौंसरच्या वाचनालयात तेव्हा एक नवं काम निघालं होतं, त्यासाठी त्यांनी मला तिथं नेलं. आसपासच्या गावांतले जुने फोटो, सभांची पत्रकं, निमंत्रणपत्रिका, नाटकांच्या जाहिराती लोकांकडून मागून आणायच्या, साफ करायच्या आणि नीट लावून ठेवायच्या. आपल्या गावचा इतिहास आपणच सांभाळला पाहिजे, दुसरा कोण सांभाळणार, असं ग्रंथपाल विनायकराव म्हणत.

वाचनालयात पगारी माणसं दोनच, विनायकराव आणि टाइपरायटरवर बसणारे अनिलबाबू. बाकीची मंडळी रविवारी हौसेनं यायची. सरलाबाई गंजलेल्या टाचण्या अलगद काढायच्या आणि दुमडलेले कागद फळ्यांमध्ये दाबून ठेवायच्या. बोरगावची शोभाताई सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती मऊ ब्रशनं धूळ झाडायची, आणि तिचा हात इतका हलका की कागदाला कळायचंही नाही. विनायकराव मला हातात घेऊन चेहरे पाहायचे आणि फोटो आणणाऱ्याला विचारून पेन्सिलीनं नावांची चिठ्ठी लिहायचे. मग अनिलबाबू ती टाइप करायचे.

विनायकरावांचा स्वभाव तापट. एकदा सरलाबाईंनी चार घरांचे फोटो एकत्र करून लग्नांचे वेगळे आणि शाळांचे वेगळे असे छान ढीग लावले. विनायकरावांनी डोक्यालाच हात लावला. "अहो बाई, लग्नाचा अल्बम लावून राहिल्या का तुम्ही? ज्या घरून आलं ते त्या घराच्या नावानं एकत्र राहू द्या!" सरलाबाई रुसल्या, पण पुढच्या रविवारी चिवडा घेऊन परत आल्या. भांडत, चहा पीत, असंच ते काम चालायचं. मला ती माणसं फार आवडायची.

एका रविवारी शोभाताईनं एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून आणलं. त्यांचं नाव शांताबाई. रामाकोन्याहून डोळे दाखवायला दवाखान्यात आल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी पदराखालून एक फोटो काढला आणि टेबलावर ठेवला, पण बोट काही त्यावरून उचललं नाही.

फोटो छप्पन सालचा होता. रामाकोन्याच्या छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, स्टेशनावर पांढरे कपडे घातलेली माणसं उभी होती. बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला निघालेली. कुणी नागपूरचा फोटोवाला त्या दिवशी स्टेशनात उतरला होता, त्यानं तो काढला.

"बाबूजी, याच्यातले लय लोक आता राह्यले नाही," शांताबाई विनायकरावांना म्हणाल्या. "मले दिसून नाही राह्यलं आताशा. दिसते तोवर सांगतो, तुमी लिवून घ्या. मले लेकरू ना बाळ. माह्या मागं यायले कोन ओळखन?"

शोभाताईला ड्यूटी होती, ती निघून गेली. विनायकरावांनी मला शांताबाईंच्या हातात दिलं. त्यांचा हात खरबरीत होता आणि जरा थरथरत होता. मी एकेका चेहऱ्यावरून सरकत गेले.

"हा शालिकराम, मंग नागपूरले मिलमंधी लागला. हे मोतीरामजी, पेटी लय चांगली वाजवत. हे लीलाबाई, कडेवर तिची पोरगी हाय."

विनायकराव भराभर लिहीत होते. मी स्टेशनच्या पाटीखाली आले. तिथं एक उंच माणूस उभा होता. खांद्यावर पिशवी आणि ओठांवर हसू. शांताबाईंचा हात थांबला आणि थरथर एकदम बंद झाली.

"हे आमचे," त्या म्हणाल्या.

"नाव काय त्यांचं?"

"आमचे म्हंजे आमचे, बाबूजी." त्यांनी मान खाली घातली.

मित्रांनो, आमच्या भागात त्या काळी बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. विनायकरावांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण सरलाबाईंना राहवलं नाही. त्या हौशी, बोलक्या. लाडानं म्हणाल्या, "मग उखाण्यात घ्या की मावशी! आम्ही ऐकतो."

शांताबाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि पदर कपाळावर ओढला. "आता कायचा उखाना, बाई? ते जाऊन पंचवीस वर्सं झाले."

सरलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. बाकीची नावं शांताबाईंनी सांगितली आणि जाताना फक्त एवढंच विचारलं, "लिवलं ना जी सारं?"

"हो मावशी, लिहिलं," विनायकराव म्हणाले.

पाटीखालच्या माणसापुढची जागा कोरी होती. रामाकोन्याला जाऊन कुणालातरी विचारून येतो, असं विनायकराव म्हणायचे. आज जातो, उद्या जातो, करता करता राहून गेलं. सरलाबाईंनी त्या फोटोचा विषयच टाकला, शरमेनं. शोभाताईला वाटलं, झालं सगळं. ती कोरी जागा मला मात्र रोज दिसायची. पण काचेला कुठे तोंड असतं? मोठं करून दाखवणं एवढंच माझ्या हाती होतं, आणि माझ्यातून पाहायलाच कुणी येईना.

पंच्याऐंशीच्या शेवटी या फोटोंचं प्रदर्शन ठरलं आणि सगळ्यांची एकच घाई उडाली. राहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा अनिलबाबूंच्या टेबलावर गेला. नाव नसेल तिथं 'अनोळखी' लिहायचं, असा विनायकरावांचाच नियम होता. अनिलबाबूंनी नियम पाळला, त्यांचा काय दोष?

शहाऐंशीच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर, वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढुर्ण्याहूनही लोक आले होते. मला एका दोरीनं टेबलाला बांधलं होतं आणि जो तो मला उचलून आपले आजोबा, आपली शाळा शोधत होता. इतका मान मला कापसाच्या दिवसांतही मिळाला नव्हता.

शांताबाई आल्या. आता त्यांना फक्त उजेड आणि सावल्या कळत होत्या. शोभाताईनं त्यांना फोटोपुढं उभं केलं आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लागली. शालिकराम. मोतीराम. लीलाबाई. एकेका नावाला शांताबाई मान हलवत होत्या.

"पाटीखाली उभे, अनोळखी," शोभाताई वाचून गेली आणि एकदम थांबली.

"काय म्हनलं व बाई?"

शोभाताईनं चिठ्ठीवरचं बोट मागं घेतलं.

"अनोळखी? ते अनोळखी?" शांताबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माह्या घरचा मानूस अनोळखी लिवला तुमी?"

सरलाबाई पुढे आल्या आणि त्यांनी शांताबाईंचे दोन्ही हात धरले. "मावशी, चूक माझी आहे. मी तुम्हाला नको ते बोलले आणि मग कुणाची विचारायची हिंमतच झाली नाही." त्या रडत होत्या. विनायकराव भिंतीला टेकून उभे होते. असा तापट माणूस, पण त्या दिवशी त्यांची मान वर होईना.

शांताबाईंनी चाचपत मला शोधलं. मला फोटोवर ठेवलं, पण जागा चुकली. शोभाताईनं त्यांचा हात धरून मला पाटीखाली नेलं. त्यांना दिसत काहीच नव्हतं. तरी त्या माझ्यातून पाहत राहिल्या.

"नागपूरहून आले तं म्हने, आता आपन जुनं सारं सोडलं. तू माह्यं नाव घेत जा. मी हासो. लाज वाटे ना बाप्पा, कशी घेऊ? म्हनो, घेईन कधी तरी." त्यांनी माझ्या कड्यावरून बोट फिरवलं. "मंग तापानं गेले. घ्याचं राह्यलंच."

शांताबाईंनी पदर डोक्यावरून मागं सारला आणि मान वर केली.

"लिवा बाबूजी. सुखदेव. सुखदेव कवडू गजभिये. राह्यनार रामाकोना."

विनायकरावांनी पेन्सिल घेतली. 'अनोळखी'वर आडवी रेघ मारली आणि वर नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"वाचून दाखवा जी."

त्यांनी वाचलं.

"आनखी एक डाव."

त्यांनी पुन्हा वाचलं. शांताबाईंनी मला हळूच टेबलावर ठेवलं, आणि मित्रांनो, त्या हसल्या. लाजून हसल्या, नव्या नवरीसारख्या.

पुढे अनिलबाबू चिठ्ठी नव्यानं टाइप करायला निघाले, तर विनायकरावांनी करू दिली नाही. ती रेघ तशीच राहू दे, आपल्याला दिसत राहिली पाहिजे, असं म्हणाले. दुसऱ्या रविवारपासून सरलाबाई आणि शोभाताई नावं विचारत गावोगाव फिरायला लागल्या. त्यांनी कोरी जागा पुन्हा कधी टेबलापर्यंत येऊ दिली नाही.

आता मी कपाटात असते. महिनोन् महिने कुणी मला उचलत नाही, कड्याची चमकही गेली आहे. माझं एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातही असा एखादा फोटो असेल. आजच तो घेऊन घरातल्या एखाद्या आजीपाशी बसा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारा. ती एखाद्या चेहऱ्यापाशी अडखळली, तर घाईनं पुढे जाऊ नका. तिथंच बसून राहा. ते नाव घ्यायला तिला कदाचित सगळा जन्म लागला असेल.