बिनमालकाचा चौकोन

जितेंद्रने चहा निवायच्या आत शेवटचा जुना सर्व्हर बंद केला. यंत्र पुण्यात, तो मालवणच्या घरी ओटीवर.

कंपनीचा तो आर्किटेक्ट. घरं बांधणारा नव्हे, जरी जानकीवहिनी शेजारणींना अजून तसंच सांगत असे. मच्छीमारांना बर्फ, डिझेल, हवामानाची खबर पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणा एकमेकींशी कशा बोलतील, कोणती ठेवायची, कोणती मोडीत काढायची, हे तो ठरवी. त्याच्या आराखड्यात प्रत्येक यंत्रणेचा एक चौकोन असे; या जुन्या सर्व्हरच्या चौकोनाचा मालक, म्हणजे तो वापरणारा, तेवढा कोणी सांगेना. अशा चौकोनावर या धंद्यात एकच औषध: बंद करा आणि कोण बोंबलतं ते पाहा. कोणीच बोंबललं नाही, तर तो बसून खात होता असं समजायचं.

दुपारपर्यंत कोणी बोंबललं नाही. मग जितेंद्रच्या मोबाइलवर वादळाचा इशारा आला, तोही नव्या यंत्रणेतून, सुरळीत. गडी स्वतःवरच खूश झाला.

वहिनी अंगणातले सुके बांगडे घाईघाईने सुपात भरून ओटीवर आली.

"वारो फिरलो, भावजी. हे अजून येवक नाय."

सर्वेश, तिचा नवरा आणि जितेंद्रचा थोरला भाऊ, पहाटेच होडी घेऊन गेला होता.

"येतलो गो वयनी. माझ्या मोबाइलार इशारो इलो, म्हणजे दादाकय गेलो असतलो."

"मोबाइलार? खोल दर्यात रेंज खंय आसा? होडयेतलो तो पिवळो डबो वाजलो, की हे जाळा ओढून परत फिरतत."

उपग्रहावरून इशारा घेणारे ते डबे त्याच जुन्या सर्व्हरवर चालत, हे जितेंद्रला आत्ता उमगलं. चौकोनाचे मालक दर्यात होते. आपलं काही बंद पडलंय हेच त्यांना कळणार नव्हतं, मग ते बोंबलणार कसे?

त्याने लगेच सर्व्हर चालू केला. अडकलेला इशारा सुटला. पडद्यावर एकेका होडीची पोच येऊ लागली. सर्वेशच्या होडीची येईना. त्याने पुन्हा पाठवला, पुन्हा पाहिलं. बाहेर माड एका अंगाला वाकले होते. त्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"डब्यार इशारो गेलो मा?" वहिनीने विचारलं.

"गेलो."

"मग येतले."

इशारा कधी गेला, हे तिने विचारलं नाही. आत जाऊन तिने सर्वेशच्या वाटणीचेही तांदूळ घेतले आणि धुवायला बसली.