हिरड्याच्या व्यापाऱ्याचा झोपाळा

मी झोपाळा बोलतोय. आता मला पाहिलंत तर नुसती फळीच म्हणाल, आणि त्यात तुमची चूक नाही.

मला भोरात चिमाजी सुतारांनी घडवलं. एकसंध सागवान, कडेनं वेलबुट्टी, चारी कोपऱ्यांना पितळी कड्या. मला घेतलं उपेंद्ररावांनी. त्यांची हिरड्याची वखार होती. डोंगरातली माणसं हिरडा वेचून आणत आणि तो पुढे कातडी कमावणाऱ्यांकडे जाई. धंदा नवा, उमेद दांडगी. मला टांगता यावं म्हणून त्यांनी उंच तुळयांचं, माडीचं घर भाड्यानं घेतलं.

संध्याकाळी ते माझ्यावर बसून पान जमवत. समोर जाजमावर चार माणसं असायचीच, आणि आतून चहा-पोहे येत राहायचे. ते पाठवणाऱ्या त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई माझ्यावर क्वचितच टेकल्या.

मग मंदी आली. हिरड्याला कुणी विचारीना. सौदामिनीबाईंनी स्वयंपाकीण बंद केली, तूप आवरलं, आणि एका दुपारी नदीकडच्या आळीत दोन खोल्या बघून आल्या.

"बुटक्या आहेत, पण कोरड्या आहेत," त्या म्हणाल्या. "भाडं निम्म्याहून कमी. हातात चार पैसे आहेत तोवर जाऊ या. हा झोपाळा विकून टाकू."

उपेंद्ररावांनी पायानं एक झोका घेतला. मग म्हणाले, "अगं, झोपाळा उतरला की बाजारात पत उतरली. मग मला उधार माल कोण देईल?"

 माझ्या कड्यांना तेल घालायचं तेवढं सौदामिनीबाईंनी सोडलं. मी करकरू लागलो.

त्याच हंगामात हिर्डोशीचा गेनबा बैलांवर गोण्या लादून आला. बरोबर त्याची बायको फुलाबाई. तिच्या कानावर बाजारातलं काहीबाही आलं होतं. माल रोखीनंच द्या, असं तिनं नवऱ्याला दारातच बजावलं.

गेनबानं वर तुळईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ज्याच्या घरी असला झोपाळा हाय, त्यो आपलं पैसं कशापायी बुडवील?"

दिवाळीला पैसे देतो, असं उपेंद्ररावांनी सांगितलं. त्यांना फसवायचं नव्हतं. भाव चढेल असं त्यांना खरंच वाटत होतं. मला मात्र घरातलं सगळं ठाऊक होतं. मी करकरलो. दुसरं मला येतच काय होतं? गेनबा गोण्या उतरवून निघून गेला.

भाव चढला नाही. दिवाळी सरली आणि देणी फेडता येत नाहीत म्हणून उपेंद्ररावांनी कोर्टात नादारीचा अर्ज दिला. धंदा बसल्यावरही एवढं भाडं का भरत राहिलात, असं मुन्सफांनी विचारल्याचं त्यांनी घरी येऊन सांगितलं.





लिलावात माझ्या कड्या मोडीत गेल्या. फळीला बोलीच लागेना, तेव्हा ती गेनबाच्या पदरात पडली. त्याच्या हिरड्याचं मोल म्हणून तेवढंच.

त्याच्या घराचं छप्पर हाताला लागतं. पडवीत दोन दगडांवर मला ठेवलंय. माझ्यावर नाचणीची टोपली, घोंगड्या असतात.

परवा उपेंद्रराव चालत आले, घामेजलेले. आता ते त्याच दोन खोल्यांत राहतात आणि दुसऱ्याच्या वखारीत पोती मोजतात. गेनबा रानात गेला होता. फुलाबाईनं टोपली बाजूला सारली. "बसा की, रावसाब."

त्यांनी माझ्या वेलबुट्टीवर हात ठेवला, आणि खाली जमिनीवर बसले. आणलेले थोडे पैसे पुढं केले.

तिनं ते घेतले, ताकाचा तांब्या दिला. रागावली नाही. म्हणाली, "त्या साली लेकीचं लगीन धरलं व्हतं. ते मोडलं. पोरगी अजून घरातच हाय."

उपेंद्ररावांनी तांब्या तोंडाला लावला नाही. तसाच हातात धरून बसले.

तुमच्या घरातही माझ्यासारखं काही टांगलेलं असेल, तर वेळ आहे तोवर खाली घ्या. मला आपणहून उतरता येत नव्हतं.