टॉवेलच्या दारात चटणी

सोमवारी सकाळी साडेनऊला शिवलिंगप्पा अण्णांना सुरतेच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. टॉवेलचा धंदा सोडून चटणीत कधी उतरलात, असं त्यानं विचारलं आणि वर पन्नास पाकिटं सांगून ठेवली. अण्णांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी मोबाइलवर आपल्याच कारखान्याची वेबसाइट उघडली आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. कालपर्यंत जिथं टॉवेलांच्या थप्प्या, निर्यातीचे दाखले आणि कोट घातलेले अण्णा होते, तिथं लालभडक शेंगा चटणीचा डोंगर होता. वर लिहिलं होतं, 'अक्कांची चटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली.'

चटणी परक्याची नव्हती. अण्णांची धाकटी बहीण सुकन्या, धाकटी असूनही सगळ्यांची अक्का, अक्कलकोटला दिलेली. तिथं सात-आठ बायका हाताशी धरून ती चटणी कुटायची आणि पाकिटं विकायची. दोन वर्षांपूर्वी तिनं वेबसाइट काढायचं मनावर घेतलं, तेव्हा अण्णांनी कारखान्याच्याच सर्व्हरवर तिला कोपऱ्याएवढी जागा दिली. दिली खरी, पण बोलून दाखवत दिली. चटणी जिभेवर ठेवली की कळते, तिला वेबसाइट कशाला लागते, असं ते चारचौघांत म्हणायचे. आणि आता तीच चटणी त्यांच्या दारात मांडी ठोकून बसली होती.

चिंचोळी एमआयडीसीतल्या या कारखान्यात कॉम्प्युटरचं जे काय असेल ते बुद्धप्रिया शिवशरण बघायची. प्रिंटरमध्ये कागद अडकला की तिनं काढायचा, बॉक्सवरची लेबलं तिनं छापायची, अण्णांच्या मोबाइलमधली नातवाचे हरवलेले व्हिडिओ तिनं शोधून द्यायचे. सर्व्हर मात्र पुण्याच्या दिपक सरांकडे. ते पुण्यातूनच त्याच्यात शिरायचे आणि काम करायचे. बुद्धप्रियाकडे सर्व्हरचा फक्त पासवर्ड असायचा, तोही सर दर महिन्याला विसरायचे म्हणून. घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून चार वर्षं तिनं त्याचं हाड न् हाड मोजलं होतं. अण्णांना हे माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

अण्णांनी दिपक सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सरांनी रविवारी दुपारी सर्व्हरची सिस्टीम नवीन करून दिली होती. ते काम अगदी व्यवस्थित झालंय, आपण एकाही फाइलला हात लावलेला नाही, असं ते म्हणाले. तुमच्याकडं लाइट कमीजास्त होते, त्यानं आतलं काहीतरी जळालं असणार. नाहीतर तिथल्या कुणीतरी नको तिथं बोट घातलं असणार. आता सगळं मुळापासून बसवावं लागेल, तीन दिवस धरून चाला. बाराला व्हिडिओवर सविस्तर बोलू, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

बोटाचा विषय निघाल्यावर अण्णांची नजर हळूच बुद्धप्रियाकडं वळली. तिचे वडील यशवंत एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते. गाडी का बंद पडली हे बॉनेट उघडल्याशिवाय सांगणाऱ्याला ते जवळ उभं करत नसत. ती तिच्या टेबलाशी गेली, पासवर्ड टाकला आणि सर्व्हरचं बॉनेट उघडलं.

विजेनं-बिजेनं काही जळालेलं नव्हतं. सर्व्हरवर प्रत्येक वेबसाइटची एक छोटी फाइल असते. कुठल्या नावानं कुणी आलं तर त्याला कुठलं पान दाखवायचं, एवढंच तिच्यात असतं. टॉवेलची फाइल जागच्या जागी होती, चटणीचीही होती. दोन्हींच्या तारखा जुन्या, म्हणजे त्यांना कुणी शिवलं नव्हतं. मग तिनं सर्व्हरलाच विचारलं, बाबा रे, तू सध्या किती वेबसाइटी चालवतोस? असं विचारायची एक कमांड असते. उत्तर आलं, एक. नाव चटणीचं.

आता राहिली मुख्य फाइल. कुठल्या फायली वाचायच्या आणि कुठल्या नाही, हे ती ठरवते. तिच्यावर रविवारची तारीख होती, दुपारी दोन चाळीस. आणि तिला लागूनच तिची जुनी प्रत पडली होती. जुनीची नक्कल अशी बाजूला कधी पडते, हे बुद्धप्रियाला पाठ होतं. सिस्टीम नवीन करताना मशीन मध्येच थांबून विचारतं, ही फाइल तुम्ही हातानं बदललेली दिसते, तुमची ठेवू का माझी टाकू? दिपक सरांनी 'तुझी टाक' म्हटलं होतं आणि बहुधा प्रश्न वाचलाही नव्हता.

तिनं जुनी प्रत उघडली. हा सर्व्हर पहिल्यांदा उभा केला तो दिपक सरांच्या आधी हे काम बघणाऱ्या बिलालनं. तो आता हैदराबादला नोकरीला होता. मुख्य फाइलमधली एक ओळ त्यानं बदलली होती आणि तिच्या डोक्यावर लिहून ठेवलं होतं, 'ये लाइन को हात नको लगाव.' त्या ओळीचा अर्थ एवढाच, की फोल्डरमध्ये जेवढ्या फायली असतील तेवढ्या सगळ्या वाच. नव्या फाइलमध्ये ती ओळ मूळची होती. नावाच्या शेवटी 'डॉट कॉन्फ' असेल तीच फाइल वाच, असं ती म्हणत होती. बिलालनं टॉवेलच्या फाइलला हे शेपूट लावलंच नव्हतं. चटणीची फाइल पुढं सरांना वेळ नव्हता म्हणून बुद्धप्रियानं बनवली, तिनं नियमाप्रमाणं लावलं होतं. त्यामुळं टॉवेल यादीतून गेला, चटणी एकटी उरली, आणि दार कुणीही वाजवलं तरी तीच पुढं यायला लागली.

टॉवेलच्या फाइलला शेपूट लावायला, ती पुन्हा जोडायला आणि सर्व्हरला नव्यानं वाचायला सांगायला तिला दहा मिनिटं लागली. मोबाइलवर पाहिलं. कोट घातलेले अण्णा परत आले होते.

ती लॅपटॉप उचलून अण्णांच्या केबिनकडं निघाली, तोच सुकन्याअक्कांचा फोन आला. सकाळपासून सुरत, लुधियाना, कोचीचं कुठलंसं हॉटेल, सगळीकडून चटणीची मागणी येतेय, असं त्या धापा टाकत सांगत होत्या. काय झालंय ते भावजयीकडून त्यांना कळलं होतं. दुरुस्ती जरा निवांत चालू दे, असं त्यांचं म्हणणं होतं. दुरुस्ती झालीसुद्धा, असं बुद्धप्रियानं सांगितलं.

"झालेलं परत बिघडवता येतं का गं?" त्यांनी विचारलं.

येतं, पण मी तसं करणार नाही, असं बुद्धप्रिया हसत म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तेव्हा ते ती मनापासून म्हणाली होती.

केबिनमध्ये भिंतीवरच्या टीव्हीत दिपक सर आधीच येऊन बसले होते. लाइटीचा धक्का कसा बसतो ते समजावून सांगत होते. अण्णा, वेबसाइट, एवढं बुद्धप्रियानं म्हटलं, तोच सरांनी टीव्हीतून हात वर केला.

"मॅडम, विषय टेक्निकल आहे. मध्ये बोलू नका."

अण्णांनीही तिला खुणेनं बसायला सांगितलं. ती बसली. लॅपटॉप मांडीवर उघडाच होता.

सर तीन दिवसांचं वेळापत्रक वाचत होते. अण्णांनी सवयीनं मोबाइल बघितला आणि म्हणाले, वेबसाइट आली की. सर थबकले, पण फार वेळ नाही. हो, ते म्हणाले, आमच्या टीमनं आत्ताच केलं, तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं.

बुद्धप्रियानं त्यांच्याकडं बघितलं. मग तिची बोटं आपोआप चालली. शेपूट काढलं, सर्व्हरला वाचायला लावलं.

"अण्णा, एकदा परत बघता का?" ती नम्रपणे म्हणाली.

चटणी. सर म्हणाले, सिस्टीम अजून बसतेय, थोडं हलणारच. तिनं शेपूट लावलं. टॉवेल. बघा, सर म्हणाले, बसली. तुमच्या टीमनं नेमकी कुठली फाइल बदलली, असं तिनं विचारलं, शिकायला मिळेल म्हणून. सरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. असली फाइल जगातल्या कुठल्याच सर्व्हरवर नसावी. आता परत जाणार नाही ना, तिनं विचारलं. शंभर टक्के पक्की झाली, सर म्हणाले. तिनं शेपूट काढलं.

अण्णांनी मोबाइलवरची चटणी बघितली. टीव्हीतल्या सरांकडं बघितलं. मग बुद्धप्रियाच्या मांडीकडं बघितलं. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेला माणूस तो. कुठल्या मागावर दोरा तुटला हे लांबून नुसत्या आवाजावरून ओळखायचा. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. आता गेली नोकरी, असं बुद्धप्रियाला वाटलं.

अण्णा खुर्चीत सावरून बसले आणि सरांशी फार मऊ आवाजात बोलायला लागले. तुमची टीम लई हुशार हाय म्हणाले. एक काम करू या.

"मी टेबलावर थाप मारतो. तुमच्या पोरांना सांगा, थाप ऐकली की टॉवेल आणा."

थाप पडली. टॉवेल आला. सरांच्या चेहऱ्यावर घाम दिसायला लागला, तरी ते म्हणाले, बघा, टीम लगेच लागली कामाला. अण्णांनी दुसरी थाप मारली. चटणी आली. तिसऱ्या थापेला पुन्हा टॉवेल. चौथ्या थापेला अण्णांनी हात वरच थांबवला, खाली आणलाच नाही, आणि टॉवेलही हलला नाही. बुद्धप्रिया खालचा ओठ दातांत धरून बसली होती.

मग अण्णांनी तिला दाखवायला सांगितलं. तिनं लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर टाकला. मुख्य फाइल, तिच्यावरचा रविवार दुपारी दोन चाळीस, शेजारची जुनी प्रत आणि तिच्यातली बिलालची सूचना, सगळं एका रांगेत. हे सगळीकडं असंच करतात, असं सर पुटपुटले. मशीननं विचारलं तेव्हा उत्तर कुणी दिलं, एवढंच अण्णांनी विचारलं. सर टीमचं नाव घ्यायला लागले.

"साकु," अण्णा म्हणाले. पुरे झालं की ते कानडीतच पुरे म्हणायचे. टीव्ही बंद झाला.

बुद्धप्रिया माफी मागायच्या तयारीत होती. चालत्या वेबसाइटशी खेळायला नको होतं, हे तिला कळत होतं.

"हे तुला येतं, सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं नाही, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. उद्यापासून सर्व्हर तू बघायचा आणि प्रिंटरला दुसरं माणूस बघू, असं ते एवढ्या सहज म्हणाले, की तिला ते परत विचारून खात्री करावीशी वाटली. पण अण्णांची खुर्ची तोवर तिच्या लॅपटॉपकडं सरकली होती. ते शेपूट कसं काढतात, त्यांनी विचारलं. चटणीचंबी निघतं का?

निघतं, ती म्हणाली. आणि काढलं तर अक्कांच्या दारात काय दिसेल, तेही तिला सांगावं लागलं.

अण्णांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, चष्मा कपाळावर चढवत आणि उतरवत, ती कमांड स्वतः टाइप केली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लागली. मग त्यांनी बहिणीला फोन लावला आणि अगदी भोळ्या आवाजात विचारलं, काय अक्का, दुकान कसं चाललंय, जरा बघ की उघडून.

बुद्धप्रियाला वाटलं, आता अक्का चिडणार. पण अक्का शांतपणे बोलायला लागल्या. आत्ताच माझ्या वेबसाइटवर एका बाईंनी शंभर टॉवेल मागितले, मी हो म्हणून टाकलंय. गिऱ्हाईक माझ्या दारात आलं, म्हणजे माझं. माल तू पाठव, नाव माझं लावू, असं त्यांनी सुचवलं. अशा अजून दोघीजणी विचारून गेल्या, दुपारपर्यंत राहू दे असंच.

खरं होतं का खोटं, कळायला मार्ग नव्हता. अण्णांनी मात्र फोन छातीशी दाबला आणि बुद्धप्रियाकडं वळून घाईघाईनं म्हणाले,

"लाव, लाव. तिची चटणी लाव आधी."