न सरकणारी कड

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. काळा, तळहाताएवढा, साइन-कॉस-लॉगची बटणं असलेला. १९९४ साली सांगलीच्या एका दुकानातून नीलिमाबाईंनी मला घेतलं, आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

बाई कॉलेजात गणित शिकवायच्या. त्यांचं संशोधन होतं जखम कशी भरते यावर. कडेच्या पेशी वाढतात, रिकाम्या जागेकडे पसरतात. हे समीकरणात मांडता येतं, पण ते समीकरण सरळ सुटत नाही. म्हणून बाई जखमेच्या रुंदीवर अकरा बिंदू घ्यायच्या. प्रत्येक बिंदूवर आज किती पेशी आहेत, शेजारच्या दोन बिंदूंवर किती, त्यावरून उद्या किती असतील ते काढायचं. कॉलेजातला एकुलता एक संगणक ऑफिसात अडकलेला, त्यामुळे हे काम माझ्या वाट्याला आलं.

पहिल्यांदा आमची फजिती झाली. तिसऱ्या दिवशीच्या पेशी मी उणे दाखवल्या.

"उणे पेशी? असं कुठं असतं का!" बाईंनी मला दोनदा झटकलं.

मी तरी काय करणार? एका उडीत अख्खा दिवस ओलांडायला लावलं होतं. दोन दिवसांनी त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी दिवसाचे चार तुकडे केले, आणि आकडे शहाण्यासारखे चालू लागले. काम चौपट झालं, पण बाई सुटल्यासारख्या हसल्या.

त्याच सुमारास कोरेगावाहून चिठ्ठी आली. बाईंचे वडील धोंडिराम रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधून निवृत्त झालेले. साखरेचा आजार. तळपायाला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "पंधरा दिवस बघू. नाहीतर दोन बोटं काढावी लागतील."

दर रविवारी पॅसेंजरनं आम्ही कोरेगावला जायचो. बाई जखमेवर स्वच्छ पारदर्शक कागद धरून कड गिरवून घ्यायच्या.

"आवं, पाय हलवू नगा," बनाबाई नवऱ्याला दटावायच्या.

"हालत न्हाई. आन दुखत बी न्हाई, तर एवढं काय?" धोंडिराम म्हणायचे.

"दादा, दुखत नाही हेच वाईट आहे," बाई म्हणाल्या. "आजारानं पाय बधिर झालाय तुमचा."

तिसऱ्या रविवारी बाईंनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले. टाचेकडची कड दर आठवड्याला दोन मिलिमीटर आत आली होती. बोटांकडची मात्र जागची हलली नव्हती. आमच्या गणितात तर दोन्ही कडा सारख्याच सरकत होत्या.

बाईंना आधी माझाच संशय आला. ओसरीवर बसून त्यांनी सगळं पुन्हा केलं, आणखी लहान तुकड्यांनी. माझी बटणं गरम झाली. उत्तर तेच आलं.

"आई, गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या बाजूला काहीतरी अडतंय."

"मंग डाक्टरला दाव की, मला काय सांगतीस?"

दुसऱ्या दिवशी त्या कागद घेऊन दवाखान्यात गेल्या. पिशवीत मी त्यांच्या बोटांखालीच होतो. डॉक्टरांनी कागद उजेडात धरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "उघडून बघतो."

बोटांकडच्या बाजूला, मांसात खोल, बाभळीच्या काट्याचं टोक निघालं. अर्ध्या पेराएवढं.

"च्यायला, ह्ये कवा घुसलं?" धोंडिराम म्हणाले. बनाबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या, आणि रडता रडताच त्यांना हसू फुटलं.

पुढच्या रविवारी ती कड एक मिलिमीटर सरकली. मग दीड. दोन महिन्यांत जखम भरली, दहाही बोटं शाबूत राहिली.

बोटं माझ्यामुळे वाचली असं मी म्हणणार नाही. काटा डॉक्टरांनी काढला, मलमपट्टी बनाबाईंनी केली. मी फक्त बेरजा-वजाबाक्या केल्या आणि बाईंनी त्यांवर विश्वास ठेवला.

आता बाईंच्या टेबलावर संगणक आलाय. माझ्या पडद्यावर आठचा आकडा शून्यासारखा दिसतो, त्यामुळे मला कुणी काही विचारत नाही. मी खणात असतो. तक्रार नाही. मागणं मात्र एक आहे: उत्तर विचित्र आलं तर यंत्र झटका, खुशाल झटका, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रश्नही एकदा उघडून बघा.

आज खणाबाहेर कुणीतरी खोलीत चालतंय. दोन पावलं, सारख्या वजनाची. बाई म्हणतायत, "दादा, बसा की जरा." आणि ते म्हणतायत, "बसतुय गं. चालून तर घिऊ दे."